आपलेच दात, आपलेच ओठ

माझी आज्जी ऐंशी पार करून गेली तेव्हा तिच्या तोंडात सव्वीस दात होते. आकडा नक्की आहे, कारण ते मी मोजले होते. दुपारी ती जात्याच्या खोलीत गारव्याला आडवी व्हायची. डोळा लागला की तोंड उघडं पडायचं आणि मी शेजारी उकिडवा बसून बोट न लावता मोजदाद करायचो. एकदा ती मध्येच जागी झाली. म्हणाली, "दात कशाला मोजतूस रं? म्हस हाय व्हय मी बाजारात न्यायची?"

तिच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या आईच्या, चार दाढा पंचेचाळिशीच्या आत गेल्या. माझी पहिली दाढ तिसाव्या वर्षी भरावी लागली. आणि मागच्या वर्षी माझ्या चार वर्षांच्या नातीला दातांच्या दवाखान्यात न्यावं लागलं, कारण तिचे पुढचे दुधाचे दात काळे पडून झिजून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रात्री झोपताना बाटलीतनं दूध देत होता का? साखर घालून?" सून खाली मान घालून बसली. मी पण. कारण दुधात ती साखर मीच घालत होतो.

घर तेच, ओटा तोच, खाली वाहणारी घोडनदी तीच. आणि पिढीगणिक दात मात्र उतरत गेले. "पूर्वीचं खाणं सकस होतं" असं म्हणून लोक हा विषय संपवतात. मला तेवढ्यानं तो संपेना. शिवाय आमच्या घरात आणखी एक तोंड होतं, ज्यात मी कधी डोकावून पाहिलं नाही. ते थोरल्या आत्याचं. तिच्याकडं मी शेवटी येणार आहे. आधी जात्याकडं जाऊ.

आज्जीचे दात होते, पण ते धड होते असं मात्र नाही. दाढा वरून पार सपाट झालेल्या, घासून गुळगुळीत. कारण जात्यातच होतं. वर्ष-सहा महिन्यांनी "जात्याला टाकीऽऽ" अशी आरोळी देत बाया गावात यायच्या आणि छिन्नी-हातोडीनं जात्याची तळी खडबडीत करून द्यायच्या. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण गुरांना घालायचं, हा घरोघरचा नियम. तरी पुढं आठ-पंधरा दिवस भाकरीत कचकच लागायची. म्हणजे रोजच्या भाकरीबरोबर थोडा दगड पोटात जायचाच. त्या दगडानं दाढा घासल्या. कीड धरते ती बहुतेकदा दाढेच्या माथ्यावरच्या बारीक खाचांत. आज्जीच्या दाढांना त्या खाचाच उरल्या नव्हत्या. एकीकडं झीज, दुसरीकडं राखण.

हे मला कळलं ते इनामगावमुळं. आमच्या गावापासून चार-पाच कोसांवर, याच घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं त्या कामात होती. आम्ही शाळकरी पोरं सायकलींवर डबलसीट जाऊन ते बघून यायचो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथं मातीखाली निघालं होतं. लहान लेकरं गेली की दोन रांजणं तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्याच जमिनीत पुरलेली. मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडून पुरलेली. आम्ही पावलांवरच अडकलो. पण जॉन ल्यूकाक्स नावाचा एक अमेरिकी अभ्यासक आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी त्या सांगाड्यांचे दात तपासले, त्यावर 1986 साली ग्रंथ लिहिला. पुढं मास्तरकी करताना मला त्याची माहिती झाली.

इनामगावची माणसं जव खात होती, गहू, मसूर, वाटाणा खात होती, शिकार आणि मासे खात होती. धान्य दगडावर भरडत होती. आणि त्यांच्यातही काहींचे दात किडलेले होते. म्हणजे "पूर्वी कीड नव्हतीच" ही आपली समजूत खोटी. माणूस शेती करायला लागला, पिठूळ शिजवून खायला लागला, तेव्हापासून कीड आपल्या सोबत आहे. पण सोबत असणं वेगळं आणि घरात ठाण मांडून बसणं वेगळं. ते ठाण मांडणं आमच्या गावात माझ्या डोळ्यांदेखत झालं.

लहानपणी कुणाची दाढ ठणकली की वैदूला बोलवायचे. तो रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायचा, वर नळी धरून धुरी द्यायचा आणि थोड्या वेळानं पाण्यात पांढऱ्या बारीक अळ्या दाखवायचा. "ही बघा कीड पडली." आम्ही डोळे फाडून बघायचो. आपली भाषाही तेच सांगते, दाताला कीड लागली. खरं तर दातात अळी-बिळी काही नसते. 1890 साली मिलर नावाच्या दंतवैद्यानं, जो अमेरिकेचा पण बर्लिनमध्ये काम करणारा, या विषयावरचं आपलं पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं साधं होतं. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या गोड आणि पिठूळ पदार्थांवर जगतात, त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवतं.

आंबट काय करतं हे आपल्या लोकांना न शिकवताच ठाऊक होतं. कोवळी चिंच, कैरी जास्त खाल्ली की आपण म्हणतो, दात आंबले. फरक एवढाच, की चिंचेचं आम्ल बाहेरून येतं, तर साखरेचं आम्ल तोंडातच तयार होतं, आणि ते होताना दात आंबल्याचं कळतही नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत स्टीफन नावाच्या संशोधकानं दातावरच्या थरातलं हे आम्ल मोजलं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्लता इतकी वाढते की दाताचा चुना सुटायला लागतो. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते, सुटलेला चुना पुन्हा बसवते. याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. लाळेला सवड मिळाली तर दात सावरतो. तेवढ्यात पुन्हा गोड घास गेला, तर पहिल्यापासून सुरुवात.

आता आज्जीचा दिवस बघा. सकाळी शिळी भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक. दुपारी भाकरी, कालवण, हातानं फोडलेला कांदा. दिवेलागणीला पुन्हा भाकरी. मधल्या वेळात शेतात पाणी, आणि हंगाम असेल तर हरभरा, हुरडा, बोरं. ज्वारीची भाकरी चावायला वेळ लागतो, चावलं की लाळ सुटते. म्हणजे दिवसाकाठी दाताला तीन मार, आणि मध्ये सावरायला तास-न्-तास. गूळ होता की, नव्हता असं नाही. पाहुणा आला की गुळाचा खडा आणि वर तांब्याभर पाणी. गूळ खाऊन वर पाणी प्यायचं, म्हणजे आपोआप चूळ भरल्यासारखंच झालं. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना चालतो असं शहरातले लोक सांगतात तेव्हा मला हसू येतं. जंतूंना गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखीच. आज्जीला गुळानं काही केलं नाही, कारण तो फडताळात उंचावर होता आणि किल्ली तिच्या सासूच्या कनवटीला होती.

मग चहा आला. तो एका दिवसात आला नाही, त्यालाही इतिहास आहे. आसाम-दार्जिलिंगचा चहा आधी सगळा विलायतेला जायचा. 1930 च्या आसपास जगभर मंदी आली, चहाचे भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांना आपल्याच देशातलं गिऱ्हाईक आठवलं. मग बाजारात, जत्रेत, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांत चहा करून पाजायला माणसं ठेवली, चहा कसा करावा याच्या पाट्या लावल्या. आमच्या बाजूला त्याला वाट मिळाली ती एस.टी.ची. 1 जून 1948 ला राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. तो रस्ता शिरूरवरून जातो. आमच्या फाट्यावर गाडी थांबायला लागली, गाडी थांबते तिथं माणसं थांबतात, माणसं थांबतात तिथं किटली येते. आमच्या वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते सांगायचे, "आदी फाट्यावर च्या मिळायचा. मग फाटाच घरात आला."

घरात आला तो गुळाचा. साखर रेशनवर मोजून मिळायची, ती सणाला राखून ठेवलेली. पण 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला आणि बघता बघता नगर-पुण्याकडं धरणं, पाट, ऊस आणि धुराडी उभी राहिली. घोडचं पाणी आमच्याही शिवारात आलं. ज्या कारखान्यानं आमच्या घरावर पत्रे चढवले, माझं शिक्षण केलं, बहिणींची लग्नं लावली, त्याच्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ वळत नाही. आमच्या तीन पिढ्यांचं पोट उसावर भरलं. सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर मिळायची, पोत्यानं. ते पोतं स्वयंपाकघरात जमिनीवर असायचं. त्याला ना कुलूप, ना किल्ली.

1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. आठवड्याला रोख मजुरी, आणि खडीच्या ढिगाशेजारी चहाची पाल. पोटात भूक, हातात चार आणे. चहा भूक मारतो, हे दुष्काळात शिकलेलं आईच्या अंगात भिनलं ते कायमचं. सकाळी उठल्यावर चहा, गोठ्यातून आल्यावर चहा, शेताला निघताना, आल्यावर, कुणी आलं की, कुणी गेलं की. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. नुसता चहा दातावर डाग पाडतो, त्यापेक्षा जास्त वाईट काही करत नाही. दातांचा घात केला तो त्यातल्या साखरेनं, आणि साखरेपेक्षाही तिच्या वेळापत्रकानं. आईच्या लाळेला सावरायला सवडच मिळेना.

यावर स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला होता. 1945 नंतरची काही वर्षं, विपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत. तिथल्या माणसांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला देऊन किती दात किडतात ते बघितलं. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशांवर केलेलं ते पाप होतं, आज कुणी तसं करू धजणार नाही. पण त्या बिचाऱ्यांच्या दातांनी जगाला एक गोष्ट शिकवली. जेवणाबरोबर साखर वाढवली तर कीड थोडी वाढली. तीच साखर चिकट रूपात दोन जेवणांच्या मध्ये दिली, तेव्हा दात भराभर गेले. हे वाचलं त्या रात्री मी आईच्या चहाचे कप मोजले. दिवसाचे नऊ. बरोबर बिस्किटं. ती ओली होऊन दाढांच्या खाचांत लिंपल्यासारखी बसतात, ते आणखी वेगळं.

आता दात घासायचं. आमच्याकडं शेणकुटाची राख, मीठ किंवा कोळशाची पूड, आणि शेतात गेलं की बाभळीची नाहीतर लिंबाची काडी. काडी चावून कुंचा करायचा, घासून झालं की तीच उभी चिरून जीभ खरवडायची. ही फार जुनी चाल आहे. चरकसंहितेत दिवसातून दोनदा, तुरट, तिखट किंवा कडू झाडाच्या काडीनं, हिरड्यांना इजा न करता दात घासावेत असं सांगितलंय. जीभ खरवडायला सोनं, रुपं, तांबं, पितळ अशा धातूंच्या जिभल्याही सांगितल्यात. राख फार खरखरीत, तिनं दाताचं कवच खरवडलं जायचं, ते काही चांगलं नव्हे. पण जीभ खरवडणं शंभर टक्के चांगलं. ते मात्र पेस्ट आली तसं आम्ही सोडून दिलं. सकाळी तोंडाला जो वास येतो त्याचं मोठं कारण जिभेच्या मागच्या भागावरचा थर हेच असतं. रात्री लाळ कमी होते, तिथले जंतू अन्नाचे बारीक कण कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. एकादशीला उपाशी माणसाच्या तोंडाला वास येतो त्यालाही तेच कारण, लाळ सुटायला चावायला काही नसतं.

काडी आणि राख पुरुषांची. बायांची वस्तू वेगळी, ती म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, साऱ्या घराला ठसका लावायचा, मग कुटून डबीत भरायची. बोटावर घेऊन दात घासायचे. "मिश्रीनं दात घट ऱ्हात्यात," असं आज्जीच्या पिढीची प्रत्येक बाई सांगायची, आणि हे वाडवडलांपासून चालत आलंय असंही. आज्जी स्वतः लावायची नाही, तिला ठसका सोसायचा नाही एवढंच. वाडवडलांचं म्हणाल तर तंबाखू आपल्याकडची नाहीच. पोर्तुगीजांबरोबर ती आली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला तेव्हा त्यानं तिथं तंबाखू पाहिली आणि नवलाची चीज म्हणून बादशहापुढं नेली. हे सतराव्या शतकाच्या अगदी तोंडाशी. 1617 साली जहांगीरनं तिच्यावर बंदीही घातली. ती बंदी किती टिकली ते आपल्या गावच्या पारावरच्या पिचकाऱ्या बघून कळतं. ज्या घरांत बाईनं चारचौघांत विडी ओढणं वाईट, तिथं दात घासायच्या नावाखाली तंबाखू शिरली. दाढ दुखत असेल तर ठणका जरा विसरायला लावते, भूक मारते, आणि चार दिवसांत सोडवत नाही. मग दिवसातून एकदाची पाचदा होते.

थोरली आत्या आमच्याकडं परत आली ती बाविसाव्या वर्षी, विधवा होऊन. पोरबाळ नव्हतं. आमच्या घरचा लसूण तीच सोलायची, पाट्यावर चटणी तीच वाटायची आणि भाकरीबरोबर सगळ्यांत जास्त खायचीही तीच, कारण कालवण संपलेलं असायचं. तिच्या तोंडाला वास यायचा. मी चौथीत असेन, पाढे म्हणून घ्यायला ती जवळ बसली तेव्हा मी नाक दाबून ओरडलो, "लसूणआत्या!" सगळं घर हसलं. नाव पडलं ते पडलंच. वाड्यातली पोरंही तेच म्हणायला लागली. तिनं मला कधी रागे भरलं नाही. फक्त त्या दिवसापासनं बोलताना पदराचं टोक तोंडाला लावायला लागली आणि हळूहळू ते टोक तिथंच राहिलं.

लसणाचा वास खोटा नसतो. लसूण पोटात गेल्यावर त्यातला गंधकाचा एक अंश रक्तात मिसळतो, फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे तासन्-तास बाहेर पडत राहतो. म्हणून लसूण खाऊन कितीही दात घासा, उपयोग होत नाही. बरोबर दूध-दही घेतलं तर थोडा बांधला जातो. पण हा वास पाहुण्यासारखा असतो, दुसऱ्या दिवशी निघून जातो. जो वास रोज मुक्कामाला असतो तो दुसरा कुठला तरी असतो. हिरड्यांत पू धरलेला असतो, दाढ कुजलेली असते, कधी मधुमेह असतो, कधी तोंडात न भरणारी जखम असते.

1986 च्या सुमारास आत्यानं लसणाची चटणी सोडली. "तिखाट सोसत न्हाई आता." मग मिरची सोडली. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. ती तेव्हा पंचावन्नचीही नव्हती. मी बारा वर्षं मास्तरकी केलेला माणूस, पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारा. चटणी सुटली तरी वास का सुटला नाही, हा साधा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. उलट वास वाढला होता. घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी तालुक्याहून येताना तिच्यासाठी एक टूथपेस्ट आणि ब्रश आणला आणि सगळ्यांदेखत हातात ठेवला. म्हटलं, "आत्या, ती मिश्री टाक आणि हे वापर." ती पदराआडून म्हणाली, "बरं मास्तर." मला तिनं आयुष्यात एकदाच मास्तर म्हटलं, ते तेव्हा.

वर्षभरानं तिच्या मानेला गाठ आली तेव्हा आम्ही तिला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पदर बाजूला करायला सांगितला. ती करेना. शेवटी त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती मिश्री दाबून ठेवायची, त्याच जागी जखम होती, हिरडीपर्यंत गेलेली. डॉक्टरांनी मला विचारलं, "तिखट झोंबायला लागून किती दिवस झाले?" मी म्हटलं, "दीड वर्ष." ते काही बोलले नाहीत, कागदावर लिहून घेतलं. त्या कागदाकडं मी बघत राहिलो. 1988 च्या आखाडात ती गेली. तिची ट्रंक उघडली तर लुगड्यांच्या घडीत ती पेस्ट होती, झाकणाचं सील न काढलेली. शेजारी मिश्रीची पितळी डबी, घासून लख्ख केलेली.

आपलेच दात, आपलेच ओठ, असं आपण म्हणतो ते घरातल्या माणसानं दुखवलं तर बोलायचं कुणाला या अर्थानं. ती कुणाला बोलणार होती?

त्यानंतर मी माणसाच्या तोंडावरून माणसाची पारख करायचं सोडलं. एका प्रशिक्षण शिबिरात यवतमाळकडचे एक शिक्षक माझ्या खोलीत होते. दातांवर तपकिरी पट्टे, खड्डे. दोन दिवस ते हात आडवा धरून हसत होते. मी ओळखला तो हात, पदराच्या टोकासारखाच होता. तिसऱ्या दिवशी बोलते झाले. त्यांच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, गावातल्या सगळ्या पोरांचे दात असेच. थोडं फ्लोराईड दाताला बळ देतं, म्हणून ते पेस्टमध्ये घालतात. पण पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि दात घडायच्या वयात पोटात जात राहिलं, तर दातच डागाळलेले येतात. घासून जात नाहीत. "आमच्या मास्तरांनी मला आठवीपर्यंत दात घासत नाही म्हणून मारलं," ते म्हणाले. "मी राखेनं रक्त येईपर्यंत घासायचो." यवतमाळ, चंद्रपूरकडं अशी कितीतरी गावं आहेत. खोल बोअरमधून आलेलं पाणीच दातांवर उतरलं, आणि मार खाल्ला पोरांनी.

आता आमच्या गावात चहाच्या तीन टपऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर माळेसारख्या पुड्या लटकतात. 2012 साली राज्यानं गुटख्यावर बंदी घातली. पुड्या दोन वेगवेगळ्या पाकिटांत यायला लागल्या, एकीत सुपारी, एकीत तंबाखू, हातावर एकत्र करून घ्यायच्या. गावातल्या एका पंचविशीतल्या पोराचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळत जाते, तो आजार. भाकरीचा घास त्याला वाकडा करून तोंडात सारावा लागतो. त्यालाही पोरं एक नाव ठेवून मोकळी झालीत.

मी निवृत्त झाल्यावर एक नियम केलाय. पंधरवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी पहाटेच्या उजेडात ओट्यावर बसायचं आणि मी बॅटरीनं तोंडं बघायची. आईची होती तोवर आईचंही बघायचो. पांढरा चट्टा, लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अचानक झोंबायला लागणं, तोंड कमी उघडणं, एवढ्या पाच गोष्टी बघायच्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, लाज सोडावी लागते. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पण यायला लागल्यात. पहिल्या दिवशी दोघी पदर सोडेनात. मी बॅटरी खाली ठेवली आणि माझंच तोंड उघडून दाखवलं, भरलेल्या दाढा, पडलेल्या दाढा, सगळं. मग एकीनं पदर काढला.

नातीची बाटली बंद झाली. दुधात साखर बंद झाली, आठ दिवस रडली, मग विसरली. बिस्किट मिळतं, पण जेवणाच्या ताटात, जेवण झाल्या झाल्या, आणि वर तांब्याभर पाणी. तिच्या पणजीच्या सासूनं गुळाला लावला होता तोच नियम, फक्त किल्ली आता माझ्याकडं आहे. तिचे पक्के दात यायला अजून दोन वर्षं आहेत. रोज दुपारी मी पडलो की ती शेजारी येऊन बसते आणि माझ्या तोंडात बोट घालून मोजते. एकोणीसपर्यंत जाते, मग चुकते आणि पुन्हा एकपासनं सुरू करते. मी डोळे मिटून तोंड उघडं ठेवतो.